गोगलगायीची कुळकथा

'गोगलगाय आणि पोटात पाय' ही म्हण आपण माणसांसाठी वापरतो. वरून गरीब, आतून डाव साधणारा असा कोणी भेटला की ती हटकून आठवते. गंमत अशी की १७९५ साली कूव्हिए या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने गोगलगायींच्या सबंध वर्गाला जे ग्रीक नाव दिले, त्याचाही अर्थ 'पोटाशी पाय असलेले' असाच होतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत त्याचे 'उदरपाद' झाले. कूव्हिएला मराठी येत नव्हते आणि आपल्या पणज्यांना ग्रीक. प्राणी मात्र दोघांनी नीट पाहिला होता.

मंडळाच्या स्मरणिकेत इतिहास म्हटला की २ ऑगस्ट १९५४ चा सिल्वासाचा मुक्तिदिन येतो, सुधीर फडके आणि त्यांचे सहकारी येतात. ते यायलाच हवेत. यंदा आम्ही वाचकांना जरा खालच्या पातळीवर, म्हणजे शब्दशः चिखलात नेणार आहोत. आमचे बिऱ्हाड खेरडीत आणि नोकरी सीमेपलीकडे राज्य सरकारच्या पशुसंवर्धन खात्यात. शिक्षण डिप्लोमापुरते. पण या नोकरीत गोड्या पाण्यातल्या गोगलगायींची ओळख करून घ्यावीच लागते, कारण पावसाळा सरता सरता जी जनावरे खंगलेली, जबड्याखाली सूज आलेली, नाहीतर नाकात गाठी होऊन घोरणारी अशी समोर येतात, त्यांच्या दुखण्याची वाट बहुधा एखाद्या गोगलगायीच्या शंखातून गेलेली असते.

ही वाट अशी. जनावराच्या पोटातल्या कृमीची अंडी शेणातून किंवा, कृमी नाकातला असेल तर, शेंबडातून पाण्यात पडतात. अंड्यातून निघालेला डिंभ काही तासांत गोगलगाय शोधतो आणि तिच्या अंगात शिरतो. आत त्याची एकाची शेकडो पिल्ले होतात आणि ती पुन्हा पाण्यात उतरतात. यकृतातल्या पानाच्या आकाराच्या कृमीची पिल्ले गवताला चिकटतात आणि चाऱ्याबरोबर पोटात जातात. रक्तवाहिन्यांत राहणाऱ्या कृमीची पिल्ले तर थेट कातडीतून आत घुसतात. यात मेख एकच आहे. गोगलगाय योग्य जातीची मिळाली नाही तर डिंभ मरतो आणि गोष्ट तिथेच संपते. म्हणून 'डबक्यात गोगलगायी आहेत' एवढे सांगून काही कळत नाही. कोणत्या आहेत, हे सांगावे लागते. आपल्याकडे बोलताना सगळ्या एकाच नावाने जातात, आणि औषधे मात्र वेगवेगळी असतात. यकृतातल्या कृमीचे नेहमीचे औषध रक्तातल्या कृमीवर चालत नाही.

ओळखायच्या कशा? पहिली खूण झाकणाची. काही गोगलगायी अंग आत ओढून घेतल्यावर शंखाचे तोंड झाकणाने बंद करतात. भातखाचरातली मोठी, सफरचंदासारखी गोल असते ती या गटातली. ज्यांना झाकण नाही त्या फुप्फुसाने श्वास घेतात आणि हवेसाठी वर येतात. रोगाच्या दृष्टीने आमचे लक्ष जास्त करून या दुसऱ्या गटावर. दुसरी खूण वळणाची. शंखाचे टोक वर धरून तोंड आपल्याकडे केले की ते उजवीकडे येते का डावीकडे, ते पाहायचे. इथे आपल्या घरातली माणसे हमखास अडखळतात, कारण पूजेतला दक्षिणावर्ती शंख त्यांना ठाऊक असतो. शास्त्रज्ञांच्या हिशेबाने तो डावखुरा! पूजेत आपण शंखाची निमुळती नळी वर धरतो, शास्त्रज्ञ वळणांचे टोक वर धरतात. धरणे उलटले की उजवे-डावे उलटले. दुर्मीळ तो दोन्ही हिशेबांनी दुर्मीळच. उजव्या सोंडेच्या गणपतीचे सोवळे पाळणाऱ्यांना यात नवल वाटू नये.

आता इतिहास. आपल्या सह्याद्रीतल्या गोड्या पाण्याच्या गोगलगायींकडे शास्त्राच्या नजरेने पाहणाऱ्या पहिल्या माणसांत विल्यम थॉमस ब्लॅनफर्ड हे नाव घ्यावे लागते. हा गृहस्थ १८५५ साली भूगर्भ सर्वेक्षण खात्यात नोकरीला म्हणून हिंदुस्थानात आला. काम खडक पाहण्याचे. तापी आणि नर्मदेच्या खोऱ्यांवर त्याने मोठा अहवाल लिहिला. पण खडक पाहताना खडकावर काय चिकटले आहे तेही तो पाहत असे. खंडाळ्याच्या बाजूला, कड्यावरून झिरपणाऱ्या पाण्यात त्याला एक लहानशी गोगलगाय सापडली. १८६३ साली तिचे वर्णन करताना त्याने जातीच्या नावात सह्याद्री घातला. कुळाखालचे पहिले नाव, म्हणजे प्रजातीचे, आधीच दुसऱ्या प्राण्याला दिलेले निघाले. म्हणून १८६९ मध्ये त्याने ते बदलून क्रेम्नोकॉन्कस केले: ग्रीकमध्ये 'कड्यावरचा शंख'.

या गोगलगायीचे नातेवाईक कुठले? समुद्राचे. अलिबाग-दमणच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या खडकांना ज्या बारीक गोगलगायी चिकटलेल्या असतात, त्यांच्या कुळातली ही. जगभर पसरलेल्या त्या कुळात गोड्या पाण्यात राहणारी प्रजाती ही एवढीच, आणि ती फक्त पश्चिम घाटात. समुद्राची लेक घाटावर नांदायला गेली म्हणायचे. दीडशे वर्षे तिच्या तीनच जाती माहीत होत्या, महाराष्ट्रातल्या. २०१३ साली रीड, अरविंद आणि मध्यस्थ या तिघांनी कर्नाटकातल्या घाटांतून आणखी सहा जातींचे वर्णन केले.

ब्लॅनफर्डच्या काळात हा अभ्यास हौसेचा होता. तो गरजेचा झाला पहिल्या महायुद्धात. १८५१ साली कैरोत थिओडोर बिलहार्झ या जर्मन डॉक्टरला माणसाच्या रक्तवाहिन्यांत राहणारा एक कृमी सापडला होता. त्याने लघवीतून रक्त जाते. इजिप्तमध्ये हा रोग घरोघर. तो पसरतो कसा, हे मात्र पुढे सहा दशके पक्के ठरत नव्हते. १९१५ साली रॉबर्ट लीपर या ब्रिटिश संशोधकाने इजिप्तमध्ये दाखवून दिले की तो गोगलगायीतून पसरतो. त्याच सुमारास हिंदी पलटणी इजिप्त आणि मेसोपोटेमियात लढत होत्या. शिपाई परत येणार, त्यांच्याबरोबर कृमीही येणार, आणि आपल्या तळ्यांतल्या गोगलगायींनी त्याला आसरा दिला तर? सरकारला ही धास्ती पडली. १९१६ मध्ये कलकत्त्यात स्थापन झालेल्या प्राणी सर्वेक्षण खात्याचे पहिले संचालक नेल्सन ॲनन्डेल आणि त्यांचे सहकारी बेनी प्रशाद यांनी हिंदुस्थानातल्या गोगलगायींची छाननी याच काळात केली.

मुंबईत परळला, पुढे ज्याला हाफकिन इन्स्टिट्यूट हे नाव मिळाले त्या प्रयोगशाळेत, ग्लेन लिस्टन आणि एम. बी. सोपारकर काम करत होते. लिस्टन प्लेगच्या पिसवांमुळे नावाजलेले. सोपारकर हे नाव मात्र मराठी माणसालाही आज सांगावे लागते, याचे आम्हाला वाईट वाटते. गुरांच्या रक्तात राहणारा एक कृमी माँटगोमेरी या पशुवैद्याने १९०६ मध्ये नोंदवला होता. तो कोणत्या गोगलगायीत वाढतो, हे लिस्टन आणि सोपारकरांनी १९१८ साली शोधले, आणि १९२१ मध्ये सोपारकरांनी त्याच्या पिल्लांचे सविस्तर वर्णन छापले. ती गोगलगाय म्हणजे डबक्यात सर्रास दिसणारी, चकलीसारखी एकाच पातळीत गुंडाळलेली, तपकिरी. तिचे रक्त आपल्यासारखेच लाल असते. चिरडली तर बोटांना रंग लागतो. त्याच १९२१ साली ॲनन्डेल आणि प्रशाद यांनी तिला स्वतंत्र प्रजाती दिली: इंडोप्लॅनॉर्बिस. पुढे १९३३ मध्ये मद्रासकडच्या राव यांनी गुरांच्या नाकात राहणाऱ्या, त्यांना घोरायला लावणाऱ्या कृमीचे वर्णन केले. त्याचाही मुक्काम याच चकलीत. आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात उभे राहणाऱ्यांच्या पायांना जी खाज सुटते, तिच्यामागेही कित्येकदा गुरांच्या या कृमीची पिल्लेच असतात. माणसाच्या कातडीत ती शिरतात आणि तिथेच मरतात, पण मरताना खाजवायला लावतात.

माणसाच्या कृमीबद्दल मात्र देशभर एक समाधान पसरले. आफ्रिकेत तो बुलिनस नावाच्या गोगलगायीत वाढतो. भारतात बुलिनस नाही. तेव्हा तो रोग इथे रुजणार नाही. हिशेब सरळ होता.

आणि तो चुकला, तोही कोकणात.

आपल्या खेरडीसारखीच एक खेर्डी चिपळूणला लागून आहे. तिथेही कारखाने, इथेही कारखाने. चिपळूणकडची जी कुटुंबे सिल्वासात येऊन दोन पिढ्या झाल्या, त्यांना पत्ता सांगताना दोन्हींचा घोळ पाठ असेल. चिपळूणहून गुहागरकडे गेले की त्या तालुक्यात गिमवी नावाचे गाव लागते. १९५२ साली गाडगीळ आणि शाह या संशोधकांनी जाहीर केले की मुंबई राज्यातल्या या गावात लघवीतून रक्त जाण्याचा तो रोग आहे. बाहेरून आलेला एखादा रोगी नव्हे. गावातच लागण होत होती. लघवीत सापडलेली अंडी आफ्रिकेतल्या कृमीसारखी, एका टोकाला काटा असलेली. देशाच्या वैद्यकात ही खळबळजनक बातमी होती.

रोग आहे म्हणजे गोगलगाय असलीच पाहिजे. पण कोणती? बुलिनस तर नव्हतीच. गाडगीळ आणि शाह यांचा शोध जिथे थांबला ती गोगलगाय, गोगलगाय आहे असे तुम्हा-आम्हाला वाटणारही नाही. तिला वळणच नाही. शंख म्हणजे टोपीसारखे एक पातळ, पारदर्शक टोपण, लांबी तीन-चार मिलिमीटर, पाण्यातल्या पानाला किंवा दगडाला चिकटलेले. बघणाऱ्याला तो दगडावरचा डाग वाटावा. तिचे शास्त्रीय नाव फेरिशिया टेन्युइस. प्रयोगात तिला कृमीची लागण करून त्यांनी पुढचा निबंध लिहिला. या निष्कर्षावर नंतर काही तज्ज्ञांनी शंका घेतल्या आणि गिमवीतला कृमी नेमका आफ्रिकेतलाच की दुसरा, यावरही वाद झाला. रोग मात्र खरा होता, आणि पुढच्या दशकांत तो ओसरला.

कृमी गिमवीला आला कसा? आमचा तर्क असा. रत्नागिरी जिल्ह्याने पलटणींना आणि जहाजांना माणसे पुरवली. बसऱ्याहून, एडनहून, आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून परतलेला एखादा गडी सुट्टीत गावच्या पऱ्ह्यात उतरला असेल. मनीऑर्डरीबरोबर दुखणीही गावी येतच. हा तर्क आहे, पुरावा नव्हे. पण कोकणातल्या कुठल्याही जुन्या घराला तो अगदीच परका वाटणार नाही.

या सगळ्यात वर्गीकरणाचा भाग आम्हाला फार मोलाचा वाटतो. ही टोपीवाली गोगलगाय तेव्हा एका वेगळ्या कुळात बसवली जात असे, कारण दिसायला ती सर्वांहून वेगळी. म्हणूनच रोगाच्या वाहकांमध्ये तिचा विचार सहजी कोणाच्या मनात येण्यासारखा नव्हता. नंतर शरीररचना आणि डीएनए तपासल्यावर शास्त्रज्ञांनी तिला प्लॅनॉर्बिडी या कुळात आणून बसवले, म्हणजे आपल्या चकलीवाल्या गोगलगायीच्याच कुळात. आफ्रिकेतली बुलिनसही बराच काळ त्याच कुळात गणली जात होती. म्हणजे ज्या गोगलगायीला परकी समजलो, ती रोगवाहकांच्या भाऊबंदांपैकीच निघाली. शंखाचा आकार पाहून नाते ठरवणे म्हणजे नाक पाहून गोत्र सांगण्यासारखे आहे. कधी जमते, कधी फसते. चकलीवालीचेही तसेच. शंभर वर्षे ती एकच जात मानली गेली. आता डीएनए सांगतो की त्या एका नावाखाली अनेक वेगळे वंश आहेत. कोणता वंश कोणता कृमी वाहतो, हा पुढच्या माणसांचा विषय.

पुण्यात या अभ्यासाला चांगली परंपरा आहे. तोनापी आणि प्राध्यापिका लीला मुल्हेरकर यांनी १९६३ मध्ये पुण्याच्या गोड्या पाण्यातल्या मृदुकाय प्राण्यांवर निबंध लिहिला. तोनापींचे भारतातल्या गोड्या पाण्यातील प्राण्यांवरचे पुस्तक १९८० चे. प्राणी सर्वेक्षण खात्याचे पश्चिम विभागीय केंद्र १९५९ पासून पुण्यात आहे, आणि त्याच खात्याने १९८९ मध्ये छापलेले सुब्बा राव यांचे हस्तपुस्तक आजही हाताशी ठेवावे असे आहे.

आपल्याकडे दमणगंगा आहे, मधुबन धरणाचे कालवे आहेत, खेरडीत कारखान्यांच्या भिंतीपासून हाकेच्या अंतरावर भातखाचरे आहेत. कालवा आला की वर्षभर पाणी येते आणि पाण्याबरोबर गोगलगायी. गुरे तिथेच पितात, मुले तिथेच डुंबतात. मंडळातल्या मुलांना सुट्टीत काही उद्योग हवा असेल तर आम्ही सुचवतो: पायात गमबूट घालावेत, चहाची गाळणी काठीला बांधावी, रिकामे शंख गोळा करावेत आणि कमळाच्या पानाची खालची बाजू भिंगाने पाहावी, डाग दिसला तर नखाने हलवून बघावा. प्रत्येक शंखाबरोबर डबीत एक चिठ्ठी हवी. तारीख, पाणी वाहते की साचलेले, आणि गाव. चिठ्ठीवाचून शंख म्हणजे नुसता खडा. आणि गावाचे नाव लिहिताना 'खेरडी, सिल्वासा' असे पूर्ण लिहावे, नाहीतर पुण्याचे तज्ज्ञ तो चिपळूणचा समजतील.