नकलेचें ऋण

राजांच्या लढाया, तह आणि सनदा यांचा इतिहास लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. परंतु सामान्य लोक ऐकलेलें, वाचलेलें आणि गाइलेलें कसें जपून ठेवीत आले, या साध्या संवयींचा इतिहास क्वचितच कोणी लिहितो. वस्तुतः पहिल्या प्रकारच्या इतिहासाचीं साधनें उरतात तींही या संवयींमुळेंच. पुसेगांवच्या आमच्या घरीं घडलेल्या एका लहानशा गोष्टीमुळें आम्ही या विचाराकडे वळलों. ती आमच्याच चुकीची असल्यामुळें शेवटीं सांगूं. आधीं थोरांचे दाखले घेणें बरें.

मराठी गद्याचा आरंभींचा ग्रंथ जो ‘लीळाचरित्र’, त्याचीच कथा पाहा. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धांत म्हाइंभटांनीं चक्रधरस्वामींच्या आठवणी, ज्यानें त्या अनुभवल्या त्याच्याच तोंडून ऐकून, लिहून काढल्या. चौदाव्या शतकाच्या धामधुमींत ती मूळ पोथी नाहींशी झाली. ग्रंथ मात्र नाहींसा झाला नाहीं, कारण तो अनुयायांच्या मुखांत होता. त्यांनीं तो आठवून पुन्हां लिहिला, आणि म्हणूनच आज त्याचे निरनिराळे पाठ आढळतात. पाठभेद पाहून पंडित कपाळास आठ्या घालतात. पण शुद्ध प्रत एकच असती आणि तिच्यावांचून कोणास कांहींच येत नसतें, तर आठ्या घालावयासही कांहीं उरलें नसतें.

पुढें याच पंथानें आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत लिहिल्या. पोथ्या सुरक्षित राहिल्या खऱ्या, परंतु पंथाबाहेरच्या मराठी वाचकांस त्या कित्येक शतकें असून नसल्यासारख्या होत्या. विसाव्या शतकांत इतिहासाचार्य राजवाड्यांनीं त्या लिपीची उकल केली, तेव्हां कोठें हें भांडार सर्वांस खुलें होऊं लागलें. कुलूप लावणें आणि जपणें या दोन गोष्टी एक नव्हेत, हें संकेतशब्द विसरणाऱ्या आजच्या पिढीस निराळें सांगावयास नको.

आमच्याच हिंगोली जिल्ह्यांतील नरसी हें परंपरेनें नामदेवांचें जन्मस्थान. त्यांचे मराठी अभंग वारकऱ्यांनीं गाऊन राखले. त्यांचीं हिंदी वळणाचीं ६१ पदें शिखांच्या ग्रंथसाहेबांत गुरुमुखी लिपींत राहिलीं. तो ग्रंथ गुरु अर्जुनदेवांनीं १६०४ सालीं प्रथम सिद्ध केला. एका संताची वाणी अशी दोन भाषांत, दोन लिपींत आणि दोन प्रांतांत राखली गेली. आजचे संगणकवाले सांगतात कीं महत्त्वाच्या मजकुराच्या तीन प्रती असाव्या, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्या, आणि त्यांतील एक परगांवीं असावी. यास ते बॅकअप म्हणतात. नांव नवें आहे. शहाणपण जुनें आहे.

नाद मात्र फार काळ गळ्याखेरीज कोठेंच ठेवतां येत नसे. १९०२ सालीं गेसबर्ग नांवाच्या गृहस्थांनीं कलकत्त्यास गौहरजानचें गाणें तबकडीवर घेतलें, आणि ही अडचण दूर झालीसें वाटलें. लाखेच्या त्या तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें मिळत. तासभर चालणारा ख्याल तेवढ्यांत कोंबावा लागे. अल्लादियाखांसाहेबांनीं आपलें गाणें तबकडीवर येऊं दिलें नाहीं. १९४६ सालीं ते गेले, आणि त्यांची गायकी राहिली ती केसरबाई, मोगूबाई अशा शिष्यांच्या गळ्यांत. पुढें १९७७ सालीं केसरबाईंची भैरवी, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर, व्हॉयेजर यानांतून अंतराळांत गेली. ज्या गुरूची एक तबकडी नाहीं, त्याच्या घराण्याचा सूर ताऱ्यांकडे निघाला आहे. यांत श्रेय यंत्राचें थोडें आणि तालमीचें फार.

यंत्रें तर बदलतच राहिलीं. १९४८ सालीं लांब चालणारी तबकडी आली, १९६३ सालीं कॅसेट, १९८२ सालीं सीडी. आणि प्रत्येक वेळीं जुनें यंत्र माळ्यावर गेलें. संगणकावरील लिखाणाची दशा याहून निराळी नाहीं. इंटरनेट एक्स्प्लोरर हा ब्राउझर १९९५ सालीं आला आणि २०२२ सालीं मोडींत निघाला. देवनागरी युनिकोडांत १९९१ पासून आहे. तथापि कित्येक वर्षें मराठी मजकूर ज्याच्या त्याच्या निराळ्या फाँटांत लिहिला जाई. तो फाँट संगणकावर नसला, कीं स्वतःचाच लेख अर्थहीन चिन्हांची रास होऊन समोर येई. सकळ लिपीस निदान किल्ली होती, आणि ती बुद्ध्या केलेली होती. येथें कोणाचा गुप्ततेचा हेतु नसतां गुप्तता पदरीं पडली.

या सर्वांत आम्हांस अनुकरणीय वाटतो तो जात्यावरील ओव्यांचा संग्रह. गांवोगांव पिठाच्या गिरण्या आल्या आणि जातीं थांबलीं, तेव्हां हेमा राईरकर आणि गी पॉयटेव्हिन यांनीं पुण्याहून हें कार्य आरंभून, एक लाखाहून अधिक ओव्या मिळविल्या. बर्नार्ड बेल यांच्या साह्यानें त्यांस १२० तासांहून अधिक ध्वनिमुद्रणाची जोड मिळाली. हें धन प्रथम गुडगांवच्या संग्रहांत, नंतर फ्रान्सांत ठेवलें गेलें, आणि २०१७ पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर तें सर्वांस ऐकतां येऊं लागलें. आपल्या खेड्यांतील स्त्रियांचा आवाज असा तीन ठिकाणीं फिरला, म्हणून टिकला.

आतां आमची गोष्ट. १९८६ सालीं आमच्या वडील बंधूंनीं आत्याबाईंच्या ओव्या एका कॅसेटवर घेतल्या. जात्यावांचून ओवी सुचत नाहीं, असें त्या म्हणाल्या. म्हणून पसाभर ज्वारी घेऊन जात्यापाशीं बसल्या. कॅसेटच्या कडेवरील दोन बारीक दांडे मोडले, कीं तिच्यावर पुन्हां मुद्रण होत नाहीं. बंधूंनीं ते मोडून ठेवले होते. दोन वर्षांनीं आम्हीं त्या भोंकांवर कागद चिकटविला आणि तिच्यावर रेडिओवरील चित्रपटगीतें घेतलीं. आत्याबाई गेल्या, आणि पुढें ती फीत लाविली तेव्हां शेवटची दीड ओवी तेवढी निघाली; कारण गीतें तेथें संपलीं होतीं. आमच्या इंग्रजी शिक्षणाचा अभिमान त्या दिवशीं बराच उतरला.

ती दीड ओवी आतां आम्हीं चार ठिकाणीं ठेविली आहे. मग आत्याबाईंच्या कन्येस सहज विचारलें, तों त्यांस अकरा ओव्या तोंडपाठ निघाल्या. दीड ओवीशीं ताडून पाहतां एक शब्द निराळा आला. “आमची आई असेंच म्हणायची, दादा,” असें त्या ठामपणें म्हणाल्या. फीत एक म्हणते, लेक दुसरें. आम्हीं दोन्ही पाठ लिहून ठेविले आहेत. वाचकांच्या घरींही अशी एखादी फीत आणि अशी एखादी लेक असेल. यंत्रें मोडींत निघण्याची वाट न पाहतां दोघींकडूनही नकल करून घ्यावी, एवढीच विनंती.