भरतीचं फूल

मागच्या ऑक्टोबरच्या शेवटी मी बियांचं एक पाकीट ऑनलाइन मागवलं. नाव 'बेबीज ब्रेथ'. पाकिटावरचा फोटो बुकेत असतात तशा पांढऱ्या, गुबगुबीत, मण्यांएवढ्या फुलांचा. जानेवारीत पुण्यातल्या आमच्या बाल्कनीत उगवलं ते मात्र वेगळंच निघालं. फुलं पाच पाकळ्यांची, एकेरी आणि फोटोतल्यापेक्षा मोठी.

"फसवलं तुला," आई म्हणाली.

मलाही तसंच वाटलं. ताईच्या लग्नात तिच्या अंबाड्यावर हीच फुलं होती. लग्नानंतर ती मिशिगनला गेली. व्हिडिओ कॉलवर तिला तेच फूल घरी उगवलेलं दाखवायचं, एवढाच माझा बेत होता. मी एक स्टार द्यायला ॲप उघडलं. पण नोकरीनं एक सवय लावली आहे: बग रिपोर्ट करण्याआधी तो खरंच बग आहे का, ते बघायचं. बघायला बसलो आणि पावणेतीनशे वर्षं मागे जाऊन पोहोचलो.

सुरुवात नावापासून. आमचा फुलवाला याला 'जिप्सी' म्हणतो. पेपरातल्या बाजारभावात 'जिप्सोफिला' असं येतं. या नावाचा भटक्या जिप्सींशी संबंध नाही. ग्रीक भाषेत 'जिप्सोस' म्हणजे जिप्सम आणि 'फिलोस' म्हणजे प्रेमी. गणपतीच्या मूर्तींचं पीओपी ज्या खनिजाला भाजून करतात, तेच हे जिप्सम. या वनस्पतीच्या काही जाती जिप्सम असलेल्या जमिनीत वाढतात, म्हणून हे नाव.

गंमत अशी की फुलवाल्याचं चुकीचं नावही बरोबर आहे. बुकेतल्या जातीला लिनियसनं १७५३ साली 'जिप्सोफिला पॅनिक्युलाटा' हे नाव दिलं. तिचं घर पूर्व युरोपपासून सायबेरियापर्यंतचा गवताळ माळ. हंगाम संपला की झुडूप वाळतं, बुडापाशी तुटतं आणि वाऱ्याबरोबर गोल गोल लोळत, बिया सांडत जातं. अशा झाडांना रशियन भाषेत 'पेरेकाती-पोले' म्हणतात, म्हणजे माळावर लोळत जाणारं. जर्मन लोकांना याच फुलात बुरख्याची जाळी दिसली, जपान्यांना धुकं, इंग्रजांना बाळाचा श्वास.

तुर्कस्तानात तर फुलापेक्षा मुळाला किंमत. तिथे या कुळातल्या काही जातींच्या मुळांना 'चोवेन' म्हणतात. ती उकळून घुसळली की फेस येतो, कारण त्यांत सॅपोनिन असतं, आपल्या रिठ्यात असतं तसंच. या पाण्यानं लोकर आणि कपडे धुतले जात. तिळाचा हलवा पांढरा आणि हलका व्हावा म्हणून त्यातही हे पाणी घालतात. म्हणजे स्वतःच्या मुलखात हे झाड घरकामाला उपयोगी पडणारं होतं.

त्याला भरतीचं काम बागांमध्ये मिळालं. इंग्लंडमध्ये मन्स्टेड वुड इथे गर्ट्रूड जेकिल या प्रसिद्ध बागकर्तीची बाग होती. ओरिएंटल पॉपी फुलून गेली की तिची पानं वाळतात आणि वाफ्यात भोकं पडतात. जेकिलबाई शेजारी जिप्सोफिला लावत. तो पसरून ती जागा झाकायचा. पुढे तो तपकिरी पडला की त्याच्यावर नॅस्टर्शियमचे वेल चढवायचे. १९०८ साली आलेल्या पुस्तकात त्यांनी ही युक्ती लिहून ठेवली आहे. नंतर बुकेतही त्याला हेच काम लागलं: गुलाबांमधल्या फटी बुजवायच्या.

फट बुजवायची तर फूल भरगच्च हवं. म्हणून दुहेरी फुलांचे वाण पुढे आले. दुहेरी फुलात बऱ्याचदा पुंकेसरांच्याच जागी पाकळ्या येतात, त्यामुळे बी धरत नाही किंवा फार कमी धरतं. मग झाडं वाढवायची कशी? पूर्वी एकेरी झाडाच्या मुळावर दुहेरीचं कलम बांधत. पुढे कटिंग आणि टिश्यू कल्चर आलं. इस्रायलमधल्या डॅनझिगर कंपनीचं 'मिलियन स्टार्स' हे वाण जगभर गेलं. केनिया आणि इक्वेडोरच्या शेतांत ही फुलं पिकतात. दिवस मोठा असल्याशिवाय हे झाड नीट फुलत नाही, म्हणून शेतात रात्री दिवे लावतात. ताईच्या अंबाड्यातलं फूल असं होतं: एकाच झाडाची कॉपी-पेस्ट. त्याचं बी मला कुठल्याच पाकिटात मिळालं नसतं.

माझ्या पाकिटात होती 'जिप्सोफिला एलिगन्स', एका हंगामाची चुलत बहीण. तिचं घर कॉकेशस, तुर्कस्तान, इराणचा पट्टा. रशियाच्या नोकरीत असलेल्या मार्शल फॉन बिबरस्टाइन या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानं १८०८ साली तिची नोंद केली. घरी बियांपासून वाढवायची तर हीच सोपी. खसखशीएवढं बी मातीवर भुरभुरायचं, वर नावापुरती माती. मातीत वाळू मिसळायची, पाणी साचू द्यायचं नाही. मी चिमूटभर चुनाही घातला होता. दहा-बारा दिवसांत कोंब आले. याचं मूळ सरळ खाली जातं, उपटून दुसरीकडे लावलेलं त्याला सोसत नाही. जिथे वाढवायचं तिथेच पेरायचं.

म्हणजे फसवलं होतं फोटोनं. बी खरं होतं. मी ॲप बंद केलं आणि ताईला कॉल लावला.

कुंडी कॅमेऱ्यासमोर धरली, तर ती म्हणाली, "अरे, हे तर आम्ही उपटतो!"

मिशिगन सरोवराच्या काठी वाळूचे उंच डोंगर आहेत. एकोणिसाव्या शतकात बागेसाठी अमेरिकेत आणलेली पॅनिक्युलाटा तिथे मोकाट सुटली. एका झाडाला चौदा हजारांपर्यंत बिया आणि मूळ बारा-तेरा फूट खोल. हलत्या वाळूला ती जखडून टाकते. 'पिचर्स थिसल' नावाचं तिथलं काटेरी झाड पाच-आठ वर्षं वाढतं, एकदाच फुलतं आणि मरतं. त्याला ती हलती वाळूच लागते. म्हणून स्वयंसेवक फावड्यानं जिप्सोफिलाची मुळं तोडतात. ताई एका शनिवारी ऑफिसच्या ग्रुपबरोबर गेली होती.

"आधी विचित्र वाटलं," ती म्हणाली. "माझ्या लग्नातलं फूल. शिवाय बाहेरून आलेलं, माझ्यासारखंच." मग थोडं थांबून, "पण त्या थिसलला दुसरीकडे कुठे जागाच नाही रे. उपटलं मी."

मार्चमध्ये माझी रोपं वाळली. त्यांच्या बिया मी कागदाच्या पुडीत जमवल्या. अंबाड्यातल्या फुलांनी हे दिलं नसतं. पुढच्या हिवाळ्यात ताई येणार आहे. दर तीन आठवड्यांनी थोडं थोडं पेरत राहिलं, तर ती येईल तेव्हा एखादी कुंडी नक्की फुललेली असेल. आई आत्ताच म्हणते, जाताना तिला थोडं बी बांधून देऊ.

ते मात्र द्यायचं नाही, असं आमचं दोघांचं ठरलंय.