कावेरीकाठची युद्धस्मारके आणि आपण

युद्धाचे स्मारक कोण उभारतो? ज्याचा जय झाला तो, असे उत्तर सहसा दिले जाते. कावेरीच्या खोऱ्यात थोडेबहुत हिंडल्यानंतर हे उत्तर आम्हांस अपुरे वाटू लागले आहे. जय मिळवूनही ज्याच्या नावाचा एक दगड त्या खोऱ्यात आम्हांस आढळला नाही असे एक सैन्य आहे, आणि ते आपलेच आहे. १७७१ मध्ये आणि पुन्हा १७९१-९२ मध्ये मराठ्यांच्या फौजा श्रीरंगपट्टणाच्या आसमंतात तळ देऊन होत्या. तेथे आज इंग्रजांचे स्तंभ आहेत, स्विस शिपायांची थडगी आहेत, हैदर व टिपू यांचा घुमट आहे. मराठ्यांचे मात्र काही नाही. असे का झाले, आणि नोकरीनिमित्त या प्रांतात येऊन राहिलेल्या आपल्यासारख्यांनी त्याचा अर्थ कसा लावावा, याचा विचार करण्याचे येथे योजिले आहे.

मल्लेश्वरमात राहणारे आम्ही चौघेजण सुटीच्या दिवसांत सायकली आगगाडीच्या सामानाच्या डब्यात चढवून मंड्यास उतरतो आणि पुढचा प्रवास कालव्याच्या कडेने करतो. बंगळूरहून म्हैसूरकडे जाणारा नवा द्रुतगती मार्ग २०२३ मध्ये खुला झाला. त्याच्या मुख्य पट्ट्यावर सायकलीस मज्जाव आहे, याचे आम्हांस दुःख नाही. त्या मार्गावरून मोटारीत बसून जाणारास दीड तासात पट्टण दिसते आणि मधले काहीच दिसत नाही. उलट, कालव्याच्या काठचा मुरुमाचा रस्ता, त्यावरची सैल खडी, दोहों बाजूंचा ऊस आणि भात, मधूनच धूर सोडणारे गुऱ्हाळ, अशा वाटेने ताशी दहा-बारा किलोमीटरांच्या चालीने गेले म्हणजे जुन्या बखरींतील ‘कूच’ व ‘मुक्काम’ हे शब्द पायांना कळू लागतात. एक ओढा तोफेच्या गाड्यास किती वेळ अडवील, एका टेकडीवरून किती मैदान नजरेखाली येते, हे नकाशावरून उमगत नाही.

प्रथम जे आहे ते पाहू. कावेरीच्या दोन फाट्यांमध्ये श्रीरंगपट्टणाचे बेट आहे. किल्ल्याच्या पश्चिम अंगास, जेथे ४ मे १७९९ रोजी इंग्रजांनी खिंडारातून आत प्रवेश केला त्या बाजूस, एक उंच स्तंभ आहे. तो म्हैसूर सरकारने १९०७ मध्ये उभारला आणि त्यावर कामी आलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांची नावे आहेत. पोल्लिलूरच्या लढाईत १७८० साली सापडलेला कर्नल बेली हा इंग्रज सेनानी १७८२ मध्ये येथेच कैदेत वारला. एका तळघराला आज त्याचे नाव आहे, आणि त्याच्या पुतण्याने १८१६ मध्ये बांधविलेले त्याचे स्मारक घुमटाच्या जवळच उभे आहे. नदीकाठच्या दफनभूमीत सुमारे तीनशे थडगी आहेत. त्यांत इंग्रजांच्या चाकरीत असलेल्या ‘द म्यूराँ’ नामक स्विस पलटणीचे लोकही आहेत. उत्तरेस पांडवपूर लागते. हैदर-टिपूंच्या पदरी असलेल्या फ्रेंच शिपायांचा तळ तेथे असे, म्हणून इंग्रजी अमदानीत त्या गावाचे नावच ‘फ्रेंच रॉक्स’ पडले होते. म्हणजे चाकरीस आलेल्या परकीयाच्या वाट्यासही एका गावाचे नाव आले.

आता जे नाही ते पाहू. पांडवपूर तालुक्यातच चिनकुरळी नावाचे गाव आहे. मार्च १७७१ मध्ये त्र्यंबकराव मामा पेठे यांनी तेथे हैदरअलीच्या सैन्याचा पुरा मोड केला. थोरले माधवराव पेशवे प्रकृतीमुळे मागे परतले होते आणि मोहिमेची सूत्रे मामांच्या हाती होती. मेलकोट्याच्या डोंगराचा आश्रय सोडून हैदर पट्टणाकडे निघाला असता मराठ्यांनी त्याला गाठले. जवळच्या तळ्यावरून आपल्या इतिहासकारांनी या लढाईस मोती तलावाची लढाई म्हटले आहे. हैदर स्वतः निसटून पट्टणास पोहोचला. मराठ्यांनी पुढे पट्टणास वेढा दिला, पण ते हाती आले नाही, आणि १७७२ मध्ये तह झाला. एवढी मोठी ही लढाई, परंतु आम्ही चिनकुरळीस गेलो तेव्हा उसाच्या पानांची सळसळ आणि पाटाचे पाणी यांवाचून दुसरे काही आढळले नाही.

वीस वर्षांनी मराठे पुन्हा आले, तेव्हा इंग्रजांचे व निजामाचे दोस्त म्हणून आले. मार्च १७९१ मध्ये लॉर्ड कॉर्नवॉलिसने बंगळूरचा किल्ला घेतला. किल्ल्याच्या भिंतीवर त्या खिंडाराची खूण सांगणारा फलक आजही आहे. त्या लढाईत पडलेल्या इंग्रजांचा दुसरा एक स्तंभ शहरात होता, तो १९६४ मध्ये पाडण्यात आला. मे महिन्यात कॉर्नवॉलिस पट्टणापाशी पोहोचला. अरकेरे येथे त्याला जय मिळाला, पण पाऊस, रोगराई आणि अन्नान्नदशा यांनी त्याचे सैन्य खचले. ओढावयास बैल उरले नाहीत, म्हणून कण्णंबाडीजवळ त्याने वेढ्याच्या अवजड तोफा स्वहस्ते नासविल्या आणि माघार घेतली. जुने कण्णंबाडी गाव पुढे कृष्णराजसागराच्या पाण्याखाली गेले, तेव्हा त्या नामुष्कीवर आता पाण्याचाही पडदा आहे.

माघारीच्या पहिल्याच मजलेस समोरून घोडेस्वार दिसले. शत्रू आला असे समजून इंग्रज सावध झाले, तो ती हरिपंत फडके व परशुरामभाऊ पटवर्धन यांची फौज निघाली. भाऊंनी मागे मोठ्या वेढ्यानंतर धारवाड घेतले होते आणि तेथून ते मजल दरमजल दक्षिणेस उतरले होते. त्यांच्या छावणीच्या बाजारात धान्य होते, गुरे होती, कापडचोपडही होते. महाग का होईना, इंग्रजांनी ते घेतले आणि त्यांचे सैन्य जगले. पुढच्या वर्षी, ६ फेब्रुवारी १७९२ च्या रात्री, पट्टणाबाहेरील टिपूच्या तळावर हल्ला झाला, आणि मार्चमधील तहाने टिपूला निम्मे राज्य व तीन कोटी तीस लक्ष रुपये द्यावे लागले. या यशाच्या मुळाशी मराठ्यांची रसद होती. ती पाठीवर वाहणाऱ्या बैलांचे मालक लमाण होते, आणि त्यांची आठवण कोणत्याही स्तंभावर कोरलेली नाही.

मग आपले स्मारक आहे कोठे? ते दप्तरात आहे. पटवर्धनांच्या घराण्यातील हजारो पत्रे वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेत राहून वाचली, निवडली आणि ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’च्या खंडांतून छापली. कूच कोठून केले, पाऊस किती, दाणा काय भावाने, कोण जखमी, कोण ठार, हे सर्व तेथे आहे. भाऊंच्या फौजेबरोबर असलेल्या एडवर्ड मूर नामक इंग्रज अधिकाऱ्यानेही या मोहिमेचे पुस्तक १७९४ साली प्रसिद्ध केले. इंग्रज जिंकून राहिले, म्हणून त्यांनी दगड रोवले. मराठे जिंकून परत गेले, म्हणून त्यांनी घरी पत्रे लिहिली. सरकारी कचेरीत दिवसभर कागदाशी झुंजणाऱ्या आमच्यासारख्यांना या कारकुनी स्मारकाचा थोडा अभिमान वाटल्यास वाचकांनी क्षमा करावी.

परंतु एवढ्यावर थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. निघून गेलेल्या सैन्याची आठवण कागदाखेरीज आणखी एका ठिकाणी राहते, आणि ती म्हणजे ज्यांच्या गावावरून ते गेले त्यांच्या मनात. चिनकुरळीच्या जयानंतर मराठ्यांनी मेलकोटे लुटले. ल्युइस राइस यांच्या म्हैसूर गॅझेटिअरात नमूद आहे की, देवाचे प्रचंड लाकडी रथ केवळ त्यांतील लोखंडासाठी पेटविण्यात आले. कावेरीचे खोरे सोडून दूर तुंगेच्या काठी गेलो तरी हीच कथा आहे. १७९१ मध्ये पटवर्धनी फौजेबरोबरच्या लुटारूंनी शृंगेरीचा मठ लुटला आणि शारदेची मूर्तीही जागेवर राहिली नाही. तिच्या पुनःस्थापनेसाठी टिपूने स्वामींस पत्र लिहून रोकड व धान्य पाठविले. ही पत्रे १९१६ मध्ये म्हैसूरच्या पुराणवस्तू खात्याचे संचालक नरसिंहाचार यांच्या दृष्टीस पडली. लुटारू पेंढारी होते, सरदारांची आज्ञा नव्हती, असे आपण म्हणतो. ते खरेही असेल. पण पेंढाऱ्यांस बरोबर घेऊन चालणारी फौज कोणाची होती, हा प्रश्न त्याने मिटत नाही. ज्या हिंदुपदपातशाहीचा आपण उच्चार करतो तिच्या छायेत हे घडले, हे डोळ्यांआड करून चिनकुरळीचा जय सांगता येणार नाही.

या भूमीची स्मारके उभारण्याची रीत इंग्रजांहून फार जुनी आहे. आपल्याकडे गावोगाव वेशीपाशी वीरगळ दिसतात. त्या शब्दातील ‘गळ’ हा कानडी ‘कल्लु’ म्हणजे दगड, हे पुष्कळांस ठाऊक नसते. बंगळूरजवळच्या हेब्बाळ येथे सापडलेला किट्टय्या नामक वीराचा दगड सुमारे इ.स. ७५० चा आहे. गावावर चालून आलेल्यांशी किंवा गुरे पळविणाऱ्यांशी लढताना जो पडला, त्याचा दगड त्याच्या गावाने उभारावा, ही ती रीत. चालून आलेल्याचा दगड कोण उभारणार? कावेरीच्या खोऱ्यात आपण चालून आलेले होतो. आपले स्मारक तेथे का नाही, याचे उत्तर एवढेच आहे.

आणि तरीही मराठ्यांच्या नावाचा एक दगड आम्ही राहतो त्या मल्लेश्वरमाच्या इतिहासात आहे. शहाजीराजांच्या मागे बंगळूरची जहागीर त्यांचे पुत्र एकोजी ऊर्फ व्यंकोजीराजे यांच्याकडे होती. १६६९ च्या शिलालेखात त्यांनी मल्लपूरच्या मल्लिकार्जुनास मेदरनिंगनहळ्ळी हे गाव दान दिल्याची नोंद आहे. हेच आजचे काडु मल्लेश्वर, म्हणजे रानातला मल्लेश्वर, आणि त्याच्यावरूनच आमच्या वस्तीस नाव मिळाले. तो दगड कोणा परक्याच्या पराभवाचा नाही. घेण्याऐवजी देणाऱ्याचा आहे, आणि म्हणूनच कानडी माणसाने तो साडेतीनशे वर्षे सांभाळला.

आपल्या मंडळींत केव्हा केव्हा असा विचार निघतो की, चिनकुरळीस मराठ्यांचाही एखादा स्तंभ असावा. आमचे मत असे की, तो उभारावयाचा झाल्यास त्यावर त्र्यंबकरावांच्या जयाबरोबर मेलकोट्याच्या जळालेल्या रथांचीही ओळ असली पाहिजे, आणि ती कानडीत प्रथम व मराठीत नंतर. एवढे धैर्य नसेल तर तूर्त खरेशास्त्रींचे खंड वाचलेले बरे. चैत्राच्या सुमारास मेलकोट्यास वैरमुडीचा उत्सव भरतो आणि त्या दिवसांत चेलुवनारायणाचा रथही निघतो. बदली होऊन या प्रांतात आलेल्या मराठी अधिकाऱ्याने एकदा तरी तेथे जावे, गर्दीत मिसळून त्या रथाचा दोर हाती धरावा, आणि चार पावले ओढावा.