सोला टोपी, फ्लॅनेलचा पट्टा आणि बिब्ब्याची खूण

कोडाईकनाल विषुववृत्तापासून जेमतेम दहा अंशांवर आहे, पण समुद्रसपाटीपासून सुमारे २१०० मीटर उंचीवर. त्यामुळे तिथे दुपारचे ऊन चटका देते आणि जानेवारीतल्या रात्री पारा दहा अंशांच्या खाली जातो. या गावात १९०१ मध्ये अमेरिकी मिशनऱ्यांनी आपल्या मुलांसाठी निवासी शाळा काढली. हायक्लर्क हे तिचे पहिले नाव. आज ती कोडाईकनाल इंटरनॅशनल स्कूल म्हणून ओळखली जाते. अशा शाळेत मूल पाठवताना ट्रंकेत काय भरायचे हा प्रश्न वरवर पाहता हवामानाचा वाटतो: ऊन, पाऊस, थंडी पाहायची आणि कपडे मोजायचे. पण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत अशा ट्रंकांतून काय काय जात होते ते एकेक वस्तू उचलून पाहिले, तर हवामानाने त्यांतल्या निम्म्यांचाही उलगडा होत नाही. उष्ण कटिबंधात राहिल्याने गोऱ्या मुलाचे शरीर आणि संस्कार यांचे काय होईल, याविषयीच्या समजुतींनी ते सामान ठरवले होते. त्या समजुती खोट्या ठरल्या तरी वस्तू लगेच गेल्या नाहीत, आणि काही अजूनही आहेत.

शाळा डोंगरावर का, इथपासूनच हे सुरू होते. मदुरेच्या मैदानात आजार आणि मृत्यू सोसल्यावर अमेरिकी मिशनऱ्यांनी १८४५ मध्ये कोडाईकनालला पहिली घरे बांधली. आपल्याकडे पाचगणीची वस्ती १८६० च्या दशकात जॉन चेसनने उभी केली आणि शतक संपता संपता तिथे युरोपीय मुलामुलींच्या शाळा निघाल्या. सनावर, लव्हडेल, सिमला, दार्जिलिंग या ठिकाणच्या शाळाही त्याच शतकातल्या. त्या काळच्या वैद्यकाचे मत होते की मैदानातल्या उष्णतेत गोरे मूल खुरटते, निस्तेज होते, आणि दोन-तीन पिढ्यांत वंशच खालावतो. त्याला जोडून दुसरी भीती होती, ती बोलली कमी जाई पण टोचे अधिक: आया-नोकरांच्या संगतीत मूल त्यांचीच भाषा, त्यांचेच उच्चार, त्यांच्याच सवयी घेईल. परवडेल त्याने मूल विलायतेला पाठवायचे; ज्याला परवडत नाही त्याने निदान डोंगरावर. अशा शाळेची ट्रंक भरताना आईवडील थंडीइतकेच या दोन भीतींनाही उत्तर देत होते.

आधी उन्हाचे पाहू, कारण त्याने सर्वांत जास्त जागा अडवली होती. सोला टोपी आपल्याच पाणथळ जागांत वाढणाऱ्या भेंडाच्या गाभ्यापासून होई. आपल्याकडे लग्नातली बाशिंगे ज्या भेंडाची करतात तोच. पांढरा, बोटाने दाबला तर दबणारा, हातात घेतला तर वजन न जाणवणारा हा गाभा पातळ पापुद्र्यांत कापून साच्यावर चिकटवायचा आणि वर कापड चढवायचे. सावलीसाठी ही टोपी उत्तमच, त्याबद्दल वाद नाही. पण ती सावलीसाठी घालायची नसे. सूर्याची काही अदृश्य किरणे कवटी भेदून मेंदूपर्यंत आणि पाठीतून मज्जारज्जूपर्यंत पोचतात, असे मानले जाई. म्हणून मुलांना ढगाळ दिवशीही टोपीशिवाय बाहेर सोडत नसत, आणि म्हणूनच टोपीच्या जोडीला पाठीच्या कण्यावर बटणांनी लावायची कापसाची जाड पट्टीही असे. अमेरिकी लष्करातले डॉक्टर चार्ल्स वुडरफ यांनी १९०५ मध्ये उष्ण कटिबंधातल्या प्रकाशाचे गोऱ्या माणसांवर होणारे दुष्परिणाम सांगणारे आख्खे पुस्तक लिहिले. लंडनमध्ये लुई सँबन यांनी याच सिद्धांतावर बाहेरून खाकी आणि आतून तांबूस झाक असलेले ‘सोलारो’ नावाचे कापड तयार करवले. फिलिपिन्समध्ये अमेरिकी लष्कराने तर या समजुतीची रीतसर परीक्षा घेतली: सैनिकांच्या एका गटाला नारिंगी-तांबडे अंतर्वस्त्र घालायला दिले, दुसऱ्याला नेहमीचे पांढरे. १९१० मध्ये निष्कर्ष छापून आला. रंगीत कपड्यांचा फायदा काहीच नव्हता, उलट ते घालणाऱ्यांना उकडतच जास्त होते.

निष्कर्ष १९१० चा, आणि सोला टोपी मुलांच्या डोक्यावरून उतरली ती दुसऱ्या महायुद्धाच्या आसपास. मधली तीस वर्षे हा माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. त्या तीस वर्षांत माळ्याची, धोब्याची, आयाची मुले त्याच आवारात, त्याच उन्हात उघड्या डोक्याने खेळत होती. डोळ्यांसमोरचा हा पुरावा मोडून काढण्यासाठी काळ्या कातडीचे आणि जाड कवटीचे सिद्धांत सांगितले गेले. टोपी तोवर कुळाची खूण झाली होती. मिश्र वंशाची अँग्लो-इंडियन कुटुंबे तिला विशेष जपत, कारण ती काढली तर आपण कोणात मोजले जाऊ हे त्यांना पक्के ठाऊक होते. शेवटी टोपी घालवली ती युद्धाने. वाळवंटात आणि ब्रह्मदेशात हजारो गोरे सैनिक साध्या कापडी टोप्यांत, कित्येकदा बोडक्याने वावरले आणि त्यांचे मेंदू शाबूत राहिले. उष्माघात होतो तो शरीराला आपली उष्णता बाहेर टाकता आली नाही म्हणून, आणि तो टाळायचा तर पाणी, मीठ व विश्रांती हवी, हे तोवर वैद्यकाला कळले होते.

फ्लॅनेलच्या पट्ट्याची गोष्ट याहून विलक्षण आहे. पोटाला गारवा लागला की पटकी होते, या समजुतीने कमरेभोवती लोकरीचा रुंद पट्टा गुंडाळत. इंग्रजीत त्याचे नावच ‘कॉलरा बेल्ट’. जॉन स्नो यांनी १८५४ मध्येच लंडनच्या एका हापशावरून पटकी पाण्यातून पसरते हे दाखवले होते. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्याच्या तळ्यातल्या पाण्यात तिचा जंतू दाखवला. तरी पुढची कित्येक वर्षे, रोज घामाने भिजणारा आणि घामोळे उठवणारा हा पट्टा मुलांच्या कमरेला राहिला.

इथे एक आक्षेप रास्त आहे. आजार काही काल्पनिक नव्हते. हिवताप, पटकी, विषमज्वर यांनी मुले खरोखरच मरत होती. डोंगरावरच्या जुन्या ख्रिस्ती दफनभूमींत लहान थडगी थोडी नाहीत. अशा आईवडिलांनी सुचेल ते सगळे ट्रंकेत भरले, तर त्यांना दोष कसा द्यायचा? दोष देऊच नये. पण कोणती वस्तू कोणत्या आजारावर चालली हे तपासलेच पाहिजे. रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबादेत हिवतापाचा डासाशी संबंध सिद्ध केला. त्यानंतर मच्छरदाणी आणि क्विनाइन ही खरी शस्त्रे होती. पटकीवर उकळलेले पाणी आणि स्वच्छ संडास. हाफकिन यांच्या लसी १८९० च्या दशकात आल्या. यांतले बहुतेक उपाय ट्रंकेत मावणारे नव्हतेच; ते स्वयंपाकघराचे, विहिरीचे, मोरीचे होते, म्हणजे शाळेने करायचे होते. मुलाच्या अंगावर काय घालायचे हे आईच्या हातात होते, पाणी कोण भरतो आणि कोण उकळतो हे नव्हते. जे हातात होते त्यावर सगळी काळजी ओतली गेली. ही गोष्ट मला फार मानवी वाटते, आणि म्हणूनच ट्रंकेतल्या सामानाच्या यादीचा इतिहास लिहिताना ती वगळता येत नाही.

दुसरा आक्षेप थंडी-पावसाचा. डोंगरावर लोकर लागतेच, पाचगणीत जून ते सप्टेंबर कपडे वाळत नाहीत, मग ब्लँकेट आणि रेनकोट यांत कसली समजूत? बरोबर. पण त्याच डोंगरावर माणसे आधीपासून राहत होती. दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी अंथरूण होते, पांघरूण होते आणि खोळ करून डोक्यावर घेतली की पावसाचेही काम भागवते. बांबूच्या कामट्या आणि पळसाची पाने यांचे इरले पाठीवर घेऊन बाया दिवसभर भातलावणी करतात आणि हात मोकळे राहतात. हवामानच निकष असता, तर निदान घोंगडी तरी यादीत यायला हरकत नव्हती. तिच्या जागी इंग्लंडमधल्या शाळेचे चित्र डोळ्यांपुढे ठेवून ब्लेझर, टाय आणि गुडघ्यापर्यंतचे मोजे आले. याहून बोलका पुरावा कालिंपाँगचा. स्कॉटिश मिशनरी जॉन अँडरसन ग्रॅहम यांनी तिथे १९०० मध्ये चहामळ्यांतल्या गोऱ्या पुरुषांच्या आणि स्थानिक स्त्रियांच्या मुलांसाठी आश्रमशाळा काढली. तिथली मुले अनवाणी वाढवली जात. जवळच दार्जिलिंगला सेंट पॉल्समध्ये साहेबांची मुले पूर्ण पोशाखात. हिमालय तोच, थंडी तीच. कालिंपाँगच्या मुलांना पुढे न्यूझीलंडसारख्या वसाहतींत कष्टाची कामे करायची होती, म्हणून त्यांना काटक करायचे ठरले होते. बूट हवे की नकोत हे मुलाच्या पुढच्या स्थानाने ठरवले, पायाखालच्या दवाने नाही.

व्यापाराचाही यात वाटा होताच. लंडनच्या आर्मी अँड नेव्ही स्टोअर्सचे मुंबईत १८९० च्या सुमारास दुकान निघाले, आणि उष्ण प्रदेशासाठीचे सामान सूचिपत्रातून घरपोच मिळू लागले. पोर्ट सैदला बोट लागली की सायमन आर्त्झच्या दुकानातून टोपी घेण्याचा तर रिवाजच होता. जहाजावर सामानाचे दोन भाग: केबिनमध्ये लागणारे आणि ‘प्रवासात नको’ असे लेबल लावून तळघरात जाणारे. वाळवी, कसर आणि दमट हवा यांसाठी पत्र्याची ट्रंक मात्र खरोखरच योग्य होती. ती इथल्या पत्रेकारागिरांनी उचलली, स्वस्त केली, आणि पांढऱ्या ऑइलपेंटने नाव घातलेली हिरवी-काळी ट्रंक पुढे भारतातल्या प्रत्येक वसतिगृहात पोचली.

इथल्या भूमीचे खरे ज्ञान त्या सामानात शिरले ते धोब्याच्या हातून. शेकडो मुलांचे कपडे एकत्र धुवायचे म्हणजे खूण हवी. विलायतेत विणलेल्या नावाच्या फिती शिवत; इथे धोबी बिब्बा वापरत. काळ्या, हृदयाच्या आकाराच्या बिब्ब्याला सुईने टोचायचे, टोकावर आलेल्या तेलाने कॉलरच्या आत ठिपके-रेघा काढायच्या आणि वर चुना लावायचा. खूण काळी पडते आणि कापड विरले तरी जात नाही. बिब्बा उततो हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक. दुसऱ्या महायुद्धात भारतात आलेल्या अमेरिकी सैनिकांच्या मानेवर आणि कमरेवर विचित्र फोड येऊ लागले, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांना शोधाअंती कळले की फोड नेमके धोब्याच्या खुणेखाली येतात. उन्हासाठी टोपी, पाठीसाठी पट्टी, पोटासाठी फ्लॅनेल एवढा बंदोबस्त करणाऱ्या वैद्यकाला कपड्यावरचा हा ठिपका दिसायला इतका वेळ लागला, कारण स्थानिक माणसाला विचारण्याची पद्धतच नव्हती.

स्वातंत्र्यानंतर मुले बदलली. पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये १९५० च्या दशकात झांझिबारहून फारुख बल्सारा हा पारशी मुलगा आला, जगाने पुढे ज्याला फ्रेडी मर्क्युरी म्हणून ओळखले. विषुववृत्ताजवळच्या बेटावरून आलेल्या त्या मुलाला उन्हाची काय भीती असणार! कोडाईकनालच्या शाळेने १९७० च्या दशकात स्वतःला आंतरराष्ट्रीय केले आणि आयबी अभ्यासक्रम भारतात आणला. मुळशीच्या खोऱ्यात १९९७ मध्ये महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज उघडले. आता याद्यांत डास पळवणारे मलम, सनस्क्रीन, लवकर वाळणारे कपडे, पाण्याची बाटली असते, आणि हे बदल खऱ्या हवामानाकडे पाहून झालेले आहेत. उंचावर अतिनील किरणे जास्त असतात, तेव्हा सनस्क्रीन लावण्यात शहाणपणच आहे.

तरी ब्लेझर बऱ्याच ठिकाणी उरला आहे. त्याच्या बाजूने सांगितले जाते की सगळ्यांना एकच पोशाख दिला की गरीब-श्रीमंत दिसत नाही. वर्गात दिसत नाही हे मान्य. पण ठरावीक दुकानातूनच मिळणारा लोकरी कोट, दोन प्रकारचे बूट आणि खेळाचे चार संच घेतल्याशिवाय मूल दारातून आत येत नाही, आणि ज्याला ते जमत नाही ते मूल तुलनेला उरतच नाही. शिष्यवृत्तीवर येणाऱ्या मुलाला फी माफ होते, पण ट्रंक त्याची त्यालाच भरावी लागते, ही अडचण खरी आहे. ज्या शाळांना ती सोडवायची असेल त्यांनी गणवेश शाळेच्या कोठारातून द्यावा, जुने कोट पुढच्या मुलांना द्यावेत, आणि पांघरूण व पावसाळी कपडे गावच्या बाजारातून घ्यायला सांगावे. वाईच्या बाजारात आजही घोंगडी मिळते.