गोव्याच्या खाणी आणि एक तारीख

गोव्यातील खाणींविरुद्धचा लढा आपण धूळ, गाळ आणि आटलेल्या विहिरींचा म्हणून ऐकतो. निकालपत्र वाचताना मी मात्र एका तारखेपाशी थबकलो: २२ नोव्हेंबर २००७. पोर्तुगीज काळातील खाण-सवलतींचे १९८७च्या कायद्याने भाडेपट्टे झाले; त्यांच्या पहिल्या नूतनीकरणाची मुदत त्या दिवशी संपली होती. तरी उत्खनन चालूच! गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी ते बेकायदा ठरवले. सरकारने पुन्हा ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण केले. संस्था पुन्हा न्यायालयात गेली. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी तेही रद्द झाले. खाणींवर पोट असलेल्यांचा राग संस्थेवर निघाला. माझ्या मते तो मुदतीनंतरही खनिज उचलू देणाऱ्यांवर निघायला हवा होता.