कोयत्याची पारख: बलुत्यापासून बाजारापर्यंत

पूर्वी गावचा लोहार बलुतेदार. मोबदला म्हणजे खळ्यावरचं धान्य. कोयत्याची धार गेली की काम परत त्याच्याच भात्यावर. म्हणजे हमी माणसाचीच. पोलाद महाग, म्हणून मऊ लोखंडाला धारेपुरतं पोलाद जोडायचे.

पुढे ट्रक आले, मोडक्या पाट्यांचं पोलाद स्वस्तात मिळू लागलं. पण पाटा असला म्हणजे झालं नाही. खरी किंमत पाणी देण्यात. कमी पडलं तर धार वळते, जास्त झालं तर तुकडा उडतो.

आज बाजारात घडवणारा दिसत नाही. मग चकाकी बघू नका. दुकानदाराला विचारून धारेवर कानस फिरवा: लोण्यासारखी चालली तर मऊ, काचेसारखी घसरली तर ठिसूळ, अडत अडत चावली तर घ्या. मूठही हलवून बघा. स्वस्त कोयता वाईटच असतो असं नाही, पण आता पारख आपल्यालाच करायची.