सरकता धुरा : युनिक्समधील ‘ब्रेक’ कॉलचा पूर्वेतिहास व उत्तरायुष्य

वर्धा जिल्ह्यात दोन शेतांमधील बांधास धुरा म्हणतात. (पुण्यामुंबईकडील वाचकास ‘धुरा’ म्हटले म्हणजे केवळ सांभाळावयाची जबाबदारी आठवते; ह्या लेखात तो अर्थ नाही.) एका अंगाला मोकळी जमीन असलेल्या शेतकऱ्याने परवानगी घेऊन धुरा पुढे नेला की शेत वाढते, मागे आणला की घटते. युनिक्स ह्या संगणकप्रणालीत प्रोग्रॅमच्या स्मृतीची व्यवस्था प्रारंभी ह्याच रीतीने होत असे, आणि ती ज्या सिस्टिम कॉलने होई त्याचे नाव ‘ब्रेक’. आज ह्या कॉलास कालबाह्य म्हणतात. तो कालबाह्य कशामुळे झाला, ह्याविषयी सामान्यतः दिले जाणारे कारण प्रस्तुत लेखकास अपुरे वाटते.

सीमेचा प्रश्न मुळात सर्वत्र उद्भवत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक यंत्राची स्मृती 40 बिटांच्या 2,048 शब्दांची, म्हणजे आजच्या मापाने अवघ्या 10,240 बाइटांची होती. तथापि एका वेळी एकच प्रोग्रॅम चालत असल्याने ती सारी त्याचीच असे. धुरा लागतो तो शेजारी आल्यावर.

युनिक्सचा आरंभ 1969 मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. केन टॉम्पसन व डेनिस रिची ह्यांच्या 3 नोव्हेंबर 1971 च्या पहिल्या नियमपुस्तिकेत ‘ब्रेक’ सतराव्या क्रमांकावर आढळतो. त्याचा तेथील अर्थ लक्षात घेण्याजोगा आहे. स्मृती अपुरी असल्याने प्रोग्रॅम आळीपाळीने तबकडीवर ठेवावे लागत. आपण कोठवर जागा वापरली आहे, एवढेच प्रोग्रॅमने ‘ब्रेक’द्वारा कळवावयाचे. त्या सीमेपलीकडचा आणि स्टॅकच्या अलीकडचा भाग जपला जात नसे. तेथील मजकूर केव्हाही बदलू शकेल, असा इशाराही पुस्तिकेत दिलेला होता. म्हणजे ‘ब्रेक’ ही जागेची मागणी नसून जपणुकीची सूचना होती. 1975 च्या सहाव्या आवृत्तीत हा अर्थ पालटलेला दिसतो. आता सीमेपलीकडील पत्ते प्रोग्रॅमच्या मालकीचेच उरले नाहीत; त्यांना स्पर्श केल्यास यंत्र दोष दाखवी. सूचनेचे रूपांतर हक्कात झाले, नाव मात्र तेच राहिले.

सी भाषेत ‘ब्रेक’ हा राखीव शब्द असल्याने फलनाला ते नाव देता येत नव्हते. म्हणून स्वर गाळून बी-आर-के असे लिहू लागले. एस हे अक्षर जोडलेले दुसरे रूप सीमेचा पत्ता न घेता ती किती बाइटांनी हलवावयाची ते घेते. पीडीपी-11 यंत्रावर एका प्रोग्रॅमच्या वाट्याला 65,536 बाइटांचा पट्टा येई : तळाशी आज्ञा, त्यांवर आधारसामग्री, मग सीमा, वरच्या टोकाकडून खाली वाढणारा स्टॅक, आणि मधे मोकळे रान. कर्निघन व रिची ह्यांच्या 1978 च्या ग्रंथातील स्मृतिवाटप करणारा नमुना-प्रोग्रॅम ह्याच कॉलवर उभा आहे, आणि कित्येक पिढ्यांनी हा विषय त्यावरूनच गिरविला.

आता कालबाह्यतेकडे वळू. पीडीपी-11 लहान होते, स्मृती वाढली आणि ‘ब्रेक’ मागे पडला, असे सांगितले जाते. हे कारण पुराव्याला टिकत नाही. 1977 च्या व्हॅक्स यंत्राची पत्त्यांची मर्यादा 32 बिटांची, म्हणजे कित्येक पटींनी मोठी होती; तरी 1979 मध्ये युनिक्स त्यावर गेले तेव्हा ‘ब्रेक’ही सोबत गेला. इतकेच नव्हे, तर वर वाढणारा एक व खाली वाढणारा एक असे दोन प्रदेश त्या यंत्राच्या रचनेतच होते. मोठ्या शेतालाही एकच धुरा पुरला.

खरा बदल 1988 च्या सन-ओएस 4.0 मध्ये दिसतो. सामायिक ग्रंथालये आणि पत्त्यांच्या पटावर कोठेही स्वतंत्र तुकडा मिळवून देणारा ‘एममॅप’ कॉल ही दोन्ही त्या प्रणालीत एकत्र आली. तोवर पट्टा एकाच मालकाचा होता. आता प्रोग्रॅम, त्याने आणलेली ग्रंथालये आणि त्यांचे स्मृतिवाटपकार हे सारे एकाच घरात नांदू लागले. एकाने धुरा हलविला तर दुसऱ्याचा हिशेब चुकणार! शिवाय सीमा केवळ टोकाकडूनच मागे घेता येते. टोकाशी अडकलेला एखादा लहान तुकडा खालची सारी रिकामी जागा अडवून ठेवतो. 1997 च्या एकीकृत युनिक्स मानकाने ‘ब्रेक’ला वारसा म्हणून वेगळे काढले आणि तो इतर स्मृतिफलनांबरोबर वापरल्यास परिणाम अनिश्चित राहील, असे बजावले. 2001 च्या मानकातून तो वगळण्यात आला. दोष जागेच्या तुटवड्याचा नव्हता, मालकांच्या संख्येचा होता.

परंतु मानकाचा इतिहास आणि वापराचा इतिहास एक नव्हेत. फ्रीबीएसडीने एआरएमच्या 64 बिटी यंत्रांवर हा कॉल दिलाच नाही. उलट लिनक्समध्ये तो जिवंत आहे. तेथील ग्नू ग्रंथालय मोठ्या मागण्या ‘एममॅप’कडे सोपविते, मुख्य धाग्याच्या लहान मागण्यांसाठी, प्रारंभिक नियमानुसार 128 किलोबाइटांच्या आतील, अद्याप सीमाच सरकविते. त्याहून मौजेची गोष्ट क्रमांकांची आहे. इंटेलच्या 32 बिटी यंत्रांसाठीच्या लिनक्समध्ये चालू कॉल 45 व्या क्रमांकावर आहे. आणि 17 हा मूळचा क्रमांक ‘ब्रेक’ ह्या जुन्या नावानेच नोंदविलेला असून त्यामागे काहीही नाही. तो पुकारला असता ‘असा कॉल नाही’ एवढेच उत्तर मिळते.